पीटीची चिठ्ठी

चि. सौ. मनू हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या चिंटूला पीटीच्या तासातून कायमची सूट मिळावी म्हणून तू डॉक्टरांकडे चिठ्ठी मागणार आहेस, असं वहिनीकडून कळलं. ती मागू नकोस. मागायचीच तर वेगळी माग: कोणते खेळ मोकळेपणी खेळायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे लिहून दिलेली.

चिंटूचं झालं त्या फॅलोट्स टेट्रालॉजी या जन्मजात हृदयदोषाच्या ऑपरेशनात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं भोक बुजवतात, फुप्फुसाकडची अरुंद वाट मोकळी करतात. त्यानंतर त्या वाटेवरच्या झडपेतून पुष्कळदा रक्त मागे येतं आणि उजव्या कप्प्यावर वर्षानुवर्षं ताण पडतो. म्हणून तर हृदयाची एको तपासणी चुकवायची नसते. काही मुलांचे ठोके पळताना हवे तेवढे वाढत नाहीत. तेव्हा वर्गातल्या इतरांआधी त्याला धाप लागू शकते, हे धरून चाल. पण दम कमी पडण्याचं आणखी एक कारण असतं, ते घरातलं. बसवून ठेवलेल्या मुलाचे स्नायू कच्चेच राहतात. मग ते चार पावलांत दमतं आणि आपण म्हणतो, ‘बघा, याला झेपत नाही.’

फिजिओथेरपीच्या नोकरीत मी ऑपरेशनआधीची मुलं पाहिली आहेत. चालता चालता ओठ निळे पडले की ती आपणहून उकिडवी बसायची. तसं बसल्याने फुप्फुसाकडे जास्त रक्त जातं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नसायचं. थांबायचं कधी, हे मुलांना बरंच कळतं. चिंटूला आपणहून थांबू दे. तू थांबवू नकोस.

डॉक्टरांना ट्रेडमिलच्या तपासणीबद्दल विचार. तोंडावर मास्क, छातीवर ईसीजीच्या वायरी. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. घाम पुसत मुलं ‘अजून, अजून’ करतात. ‘पुरे’ म्हणतात त्या आया. किती झेपतं याचा आकडा हाती आला की तुझी भीती आणि त्याची खरी मर्यादा वेगळी काढता येईल.

शॉन व्हाइट हा अमेरिकन स्नोबोर्डर हाच दोष घेऊन जन्मला. तान्हेपणीच दोन ऑपरेशनं झाली, तरी २००६, २०१० आणि २०१८ला ऑलिंपिक सुवर्ण जिंकला. चिंटूने पदक आणावं असं नाही. लंगडीत त्याच्यावरही राज्य यावं, एवढंच.

रोज खेळू दे. खेळताना बोलता येतंय तोवर काळजी नको. मात्र पळताना चक्कर आली, छातीत दुखलं किंवा धडधड थांबेना, तर खेळ तिथेच बंद आणि लगेच डॉक्टर. शुद्ध हरपली तर थेट हॉस्पिटल. हे पीटीच्या सरांनाही सांगून ठेव.

तुझ्या सासूबाईंची समजूत मी घालते. शाळेत तू बोल.

तुझी,
आत्या