थंड प्रदेशातील लहान ऑर्किड हरितगृह: रात्रीचे तापमान, प्रजातीची निवड आणि खर्चाचा ताळेबंद

पूर्व हिमालयाच्या मध्यम उंचीवरील पट्ट्यात, विशेषतः सिक्कीम आणि कालिम्पोंग-दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात, सिंबिडियम ऑर्किडची लागवड हा अल्पभूधारकांसाठी एक महत्त्वाचा पूरक व्यवसाय ठरला आहे. ऑर्किडवरील संशोधनासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९९६ मध्ये सिक्कीममधील पाक्योंग येथे राष्ट्रीय केंद्र स्थापन केले. ‘ऑर्किडला उष्ण आणि दमट हवा लागते’ हा समज मात्र आजही व्यापक आहे. या समजुतीपायी थंड प्रदेशातील नवउद्योजक उष्ण कटिबंधीय जाती निवडतो आणि पहिल्याच हिवाळ्यात इंधनाच्या खर्चाने अडचणीत येतो. थंड प्रदेशातील लहान हरितगृहाचे यश तेथील रात्रीच्या तापमानाला साजेशी प्रजाती निवडण्यावर कसे अवलंबून आहे, याचा विचार या पाठात केला आहे.

रात्रीचे तापमान आणि प्रजाती

लागवडीच्या दृष्टीने ऑर्किडचे तीन गट पडतात. फॅलेनॉप्सिससारख्या उष्ण गटाला रात्री किमान १८ अंश सेल्सिअस तापमान लागते. मध्यम गटाला साधारण १३ ते १६ अंश मानवते. मोठ्या फुलांचे सिंबिडियम शीत गटात मोडते. उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूपर्यंत रात्री १० ते १४ अंशांपर्यंत थंड झाल्या आणि दिवस-रात्रीच्या तापमानात सुमारे १० अंशांचे अंतर राहिले, तरच या जातींना भरपूर फुलदांडे येतात. रात्री उबदार राहिल्यास पाने जोमाने वाढतात, पण फुलदांडे निघत नाहीत. म्हणूनच १,५०० ते २,००० मीटर उंचीचा पट्टा या पिकास अनुकूल ठरतो. सिक्कीमचे राज्यपुष्प असलेल्या डेंड्रोबियम नोबिलेलाही फुलण्यापूर्वी थंड व कोरड्या विश्रांतीची गरज असते.

कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर स्थिती नेमकी उलट आहे. तेथील रात्री सिंबिडियमला पुरेशा थंड होत नाहीत. त्यामुळे तेथे उष्ण कटिबंधीय डेंड्रोबियम व मोकारा हेच योग्य पर्याय आहेत.

उष्णतेचा हिशेब

२० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे २०० चौरस मीटरचे हरितगृह उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या छताचे व भिंतींचे एकूण आच्छादन सुमारे ४०० चौरस मीटर होते. एकपदरी पॉलिथीनच्या प्रत्येक चौरस मीटरमधून, आत-बाहेरच्या प्रत्येक अंश फरकामागे, सुमारे ६ वॅट उष्णता बाहेर जाते. बाहेरचे तापमान १० तास ४ अंश राहिले, तसेच एक लिटर डिझेलपासून सुमारे ८ किलोवॅट-तास उपयुक्त उष्णता मिळते, असे धरल्यास हिशेब पुढीलप्रमाणे होतो:

- फॅलेनॉप्सिससाठी १८ अंश राखणे: फरक १४ अंश, उष्णता सुमारे ३३.६ किलोवॅट, एका रात्रीत ४२ लिटर डिझेल.
- सिंबिडियमसाठी ७ अंश राखणे: फरक ३ अंश, उष्णता सुमारे ७.२ किलोवॅट, एका रात्रीत ९ लिटर डिझेल.
- सिंबिडियम, परंतु मध्ये हवा भरलेले दुपदरी आच्छादन: एका रात्रीत सुमारे ६ लिटर डिझेल.

अशा ६० रात्री आल्यास ही मागणी अनुक्रमे २,५२०, ५४० व ३६० लिटर होते. सिंबिडियमची निरोगी झाडे माध्यम फारसे ओले नसताना काही तास ३-४ अंश तापमानही सहन करतात. त्यामुळे दक्षिण किंवा आग्नेय उताराची जागा, दुपदरी आच्छादन आणि रात्री ओढून घेण्याचा आतील पडदा या तीन उपायांनी अनेक ठिकाणी कृत्रिम उष्णतेची गरज मोजक्या रात्रींपुरतीच उरते. थंड हवा साचणारा दरीचा तळ व वाऱ्याच्या तोंडावरील कडा या जागा टाळाव्यात.

हरितगृहात शेकोटी किंवा धुराडे नसलेला रॉकेल हीटर कधीही लावू नये. अपूर्ण ज्वलनातून निघणाऱ्या इथिलीनमुळे कळ्या गळतात, तर कार्बन मोनॉक्साइडमुळे आत काम करणाऱ्याच्या जिवास धोका निर्माण होतो.

पाणी, माध्यम आणि पोषण

या भागात पावसाळ्यात अतिवृष्टी होते, पण हिवाळा कोरडा असतो. २०० चौरस मीटर छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडल्यास २०,००० लिटर पाणी मिळते. सुमारे ५०० कुंड्यांना आठवड्यातून दोनदा प्रत्येकी एक लिटर पाणी दिल्यास आठवड्याला १,००० लिटर लागते. म्हणजे तेवढ्या साठ्यावर २० आठवडे भागू शकतात. पावसाच्या पाण्यात क्षार अत्यल्प असल्याने ते ऑर्किडला विशेष मानवते. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे रात्रीपूर्वी पाने कोरडी होतात.

झाडाची साल, नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा व विटांचे तुकडे यांचे भरड मिश्रण माध्यम म्हणून वापरावे. त्याचा सामू ५.५ ते ६.५ असावा. वाढीच्या काळात नत्राचे प्रमाण अधिक ठेवावे व फुलदांडे निघण्याच्या सुमारास ते कमी करून पालाश वाढवावे. सिक्कीम २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषित झाले असल्याने तेथे केवळ मान्यताप्राप्त सेंद्रिय निविष्ठांचीच शिफारस करावी.

रोगमुक्त रोपे

सिंबिडियम मोझाइक व ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट या विषाणूंवर उपचार नाही. ते प्रामुख्याने कापणीच्या हत्यारांतून पसरतात. त्यामुळे प्रत्येक झाडानंतर पाते ज्योतीवर तापवून घ्यावे. दर दोन-तीन वर्षांनी बहर संपल्यावर कुंडी बदलावी आणि विभागणी करताना प्रत्येक भागात किमान तीन आभासी कंद ठेवावेत. कोरड्या हवेत लाल कोळी, तर कुंद हवेत फुलांवरील बुरशीचे ठिपके वाढतात. हिवाळ्यातही दुपारी काही वेळ झडपा उघडणे हा या बुरशीवरील पहिला उपाय आहे. जंगलातून आणलेली रोपे रोगांच्या दृष्टीने धोकादायक असतात. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये काही प्रजातींना विशेष संरक्षण आहे. म्हणून रोपे अधिकृत रोपवाटिकेतूनच घ्यावीत व पावती जपून ठेवावी.

काढणी आणि वाहतूक

दांड्यावरील बहुतेक फुले उमलून टोकाच्या एक-दोन कळ्या शिल्लक असताना काढणी करावी. हाताळताना परागपुंजावरील टोपण निघाल्यास फुलाचा ओठ लालसर होऊन फूल लवकर कोमेजते, म्हणून फुलांना स्पर्श टाळावा. प्रत्येक दांड्याच्या टोकाला पाण्याची कुपी लावावी. पिकणाऱ्या फळांजवळ दांडे ठेवू नयेत.

सिक्कीममधील माल प्रामुख्याने राष्ट्रीय महामार्ग १० वरून सिलिगुडीकडे उतरतो. हा मार्ग दरडींमुळे वारंवार बंद पडतो. ४ ऑक्टोबर २०२३ च्या तीस्ता नदीच्या महापुरातही त्याचे मोठे नुकसान झाले. लवकर फुलणाऱ्या जातींच्या काढणीपूर्वी लावा-गोरुबथानमार्गे पर्यायी वाहतूक व तिचा वाढीव खर्च निश्चित करून ठेवावा. सर्वच झाडे एकाच काळात फुलणारी घेऊ नयेत. लवकर, मध्यम व उशिरा फुलणाऱ्या जातींचे मिश्रण ठेवल्यास एका आठवड्याच्या रस्ताबंदीने संपूर्ण हंगाम बुडत नाही.

उत्पन्नापूर्वीची वर्षे

ऊतिसंवर्धित लहान रोपास फुलण्यासाठी तीन ते चार वर्षे लागतात. या काळात कर्जाचे हप्ते मात्र सुरू राहतात. अनेक लहान हरितगृहे तांत्रिक चुकीपेक्षा याच कारणाने बंद पडतात. म्हणून सर्व ५०० कुंड्यांत लहान रोपे न लावता सुमारे १५० फुलण्याजोगी झाडे व ३५० लहान रोपे असे प्रमाण ठेवता येते. पूर्ण वाढीनंतर प्रतिझाड दोन दांडे धरल्यास वार्षिक उत्पादन १,००० दांडे होते. मजुरी, इंधन, निविष्ठा, आवेष्टन, वाहतूक, व्याज व घसारा यांच्या बेरजेला १,००० ने भागल्यास एका दांड्याचा उत्पादनखर्च मिळतो. त्यात इंधनाचा वाटा एकपदरी आच्छादनाखाली सुमारे अर्धा लिटर डिझेल इतका असतो. हंगामातील सरासरी बाजारभाव या खर्चापेक्षा पुरेसा अधिक असेल, तरच प्रकल्प हाती घ्यावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रकल्प अहवाल तयार करण्यापूर्वी पुढील बाबी तपासून घ्याव्यात:

१. नियोजित जागेवर कमाल-किमान तापमापक लावून एका पूर्ण हिवाळ्याच्या रोजच्या नोंदी घ्याव्यात.
२. निवडलेल्या जातीचे किमान तापमान व त्या नोंदी यांतील फरकावरून इंधनाची मागणी काढावी.
३. हिवाळी पाणीसाठ्याची क्षमता कुंड्यांच्या संख्येशी ताडून पाहावी.
४. पहिल्या तीन वर्षांच्या हप्त्यांची तरतूद शेतकऱ्याच्या इतर कोणत्या उत्पन्नातून होणार, हे लेखी नोंदवावे.
५. खरेदीदाराशी दांड्यांची लांबी, फुलांची संख्या व आवेष्टन यांविषयी लागवडीपूर्वीच चर्चा करावी.

पहिल्या किंवा चौथ्या बाबीचे उत्तर समाधानकारक नसल्यास २०० चौरस मीटरऐवजी ५० चौरस मीटरच्या साध्या निवाऱ्यात, शंभराहून थोड्या अधिक कुंड्यांवर दोन हंगामांचा अनुभव घेण्याचा सल्ला शेतकऱ्यास द्यावा.