इंजिनावरचे पापुद्रे : पैसे कशावर घालावेत?

दोन-चार पावसाळे काढलेल्या मोटरसायकलच्या इंजिन कव्हरवर पांढरट, दोऱ्यासारख्या वाकड्या रेघा दिसू लागतात. मग तिथला पारदर्शक थर पिवळा पडतो आणि नखाने उचकटला तरी सुटतो. पॉलिश केलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर कारखान्यात क्लिअर लॅकर मारलेलं असतं. खडा लागून किंवा पाना घासून त्याचा टवका उडाला की तिथून पाणी आत शिरतं, धातू गंजतो आणि पांढरी पूड लॅकरला खालून उचलते. धुलाई केंद्रातली कडक केमिकलं आणि इंजिनाचं रोजचं तापणं-निवणं यांचीही त्यात भर पडते. क्लासिक ३५० सारख्या चकाकत्या कव्हरांच्या गाड्यांवर हे पटकन नजरेत भरतं. इंजिनाच्या चालण्यावर मात्र काही परिणाम होत नाही. म्हणजे हा खर्च निव्वळ दिसण्यासाठी आहे, हे आधी मनाशी पक्कं करा.

बेंगळुरूच्या बसवनगुडीत राहणाऱ्याची यात चांगली सोय आहे. सुट्या भागांचा बाजार असलेला जे. सी. रोड आणि हत्यारं-हार्डवेअर मिळणारा एस. पी. रोड, दोन्ही जवळच आहेत. पावडर कोटिंगची कामं पीण्या औद्योगिक वसाहतीत होतात, आणि नॅशनल कॉलेज स्थानकातून हिरव्या मार्गाची मेट्रो न बदलता थेट पीण्याला पोचवते. कव्हर ऑइल पुसून, कागदात गुंडाळून पिशवीतून नेता येतं. थिनर, पेट्रोल किंवा स्प्रेचा डबा मात्र मेट्रोत नेऊ नका. ज्वालाग्राही वस्तूंना तिथे बंदी आहे.

आता आकडे. हे दरपत्रक नव्हे, अंदाज बांधण्यापुरते आहेत. दुकानागणिक फरक पडेल.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे कव्हर न काढता घरीच काम करणं. पेंट रिमूव्हर, ४०० ते १५०० नंबरचे वॉटर पेपर, मेटल पॉलिश, हातमोजे आणि मास्क मिळून ७०० ते १,२०० रुपये. रिमूव्हर ब्रशने लावा, लॅकर फुगलं की प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा, पाण्याने धुवा. मग ४०० ने सुरुवात करून ६००, ८००, १०००, १५०० असं ओलं घासत जा. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे पॉलिशखालीही दिसत राहतात. रिमूव्हर टाकीच्या रंगावर, वायरींवर किंवा रबरी सीलवर पडू देऊ नका. काम अंगणात किंवा गच्चीवर करा, तळघरातल्या पार्किंगमध्ये नको. त्याची वाफ घातक असते. लॅकर झटपट निघतं म्हणून कोणी कॉस्टिक सोडा सुचवला तर ऐकू नका. सोडा अ‍ॅल्युमिनियमच खातो आणि कव्हर काळवंडतं.

गॅरेजमधून करून घ्यायचं तर बिल कशाने फुगतं ते बघा. दोन कव्हरांचं बफिंग साधारण ६०० ते १,००० रुपये, काढण्या-बसवण्याची मजुरी ५०० ते १,०००, नवी गॅस्केट २०० ते ५००, ऑइल आणि फिल्टर ८०० ते १,३००. एकूण २,१०० ते ३,८००. यात चमक आणण्याचा खर्च पाव हिश्श्याहून थोडाच जास्त आहे. बाकी सगळे पैसे इंजिन उघडून पुन्हा बंद करण्याचे. म्हणून हे काम पुढच्या ऑइल बदलाच्या किंवा क्लच प्लेटच्या वेळेलाच जोडून घ्या. जुनंच गॅस्केट ‘चालेल सार’ म्हणत बसवू पाहणाऱ्याला ठाम नाही म्हणा, नाहीतर महिन्याभरात ऑइल झिरपताना दिसेल. आणि कव्हर गॅरेजला देण्याआधी जे. सी. रोडवर नव्या कव्हराची किंमत विचारून ठेवा. काही गाड्यांचं नवं कव्हर दुरुस्तीच्या खर्चाच्या आसपासच मिळतं.

लॅकर उडवण्यासाठीच्या सँडब्लास्टिंगबद्दल मात्र सावध राहा. वाळूचा एक कण ऑइलच्या मार्गात अडकला तरी बेअरिंगची वाट लागते. करायचंच असेल तर सील आणि बेअरिंग काढून, छिद्रं आणि आटे बंद करून, आणि नंतर कव्हर पुन्हा पुन्हा धुऊन घेऊनच. पावडर कोटिंगलाही हीच तयारी लागते, कारण भट्टी १८०-२०० अंशांवर चालते. त्याला दर कव्हरामागे ४०० ते ८०० रुपये धरा. एकट्यादुकट्या कव्हरासाठी किमान आकार लावतात, तेव्हा आधी फोन करून जा. गॅस्केट बसतं त्या काठावर पावडर चढली नाही ना, हे कव्हर ताब्यात घेतानाच बोटाने चाचपून बघा.

नवं लॅकर मारावं का? हार्डनरवालं दोन घटकांचं क्लिअर दर कव्हराला ६०० ते १,००० रुपयांत मारून मिळेल, पण आरशासारख्या गुळगुळीत धातूवर त्याला पकड मिळत नाही. पुन्हा टवका उडाला की पुन्हा तेच पापुद्रे, आणि सगळं काढायला पुन्हा तेवढीच मेहनत. सायलेन्सरसाठीचा उष्णतारोधक स्प्रे तर इथे अनाठायी आहे: कव्हर तेवढं तापत नाही, आणि भट्टीत पक्का न झालेला तो रंग पेट्रोलने उतरतो. तरीही लॅकर हवंच असेल तर डिसेंबर ते मार्चच्या कोरड्या दिवसांत मारून घ्या. दमट हवेत ते दुधाळ होतं.

माझं मत उघड्या धातूच्या बाजूचं आहे. रोज चालणारी गाडी असेल तर लॅकर पूर्ण काढा, पॉलिश करा आणि तसंच राहू द्या. पावसाळ्याआधी आणि नंतर मेटल पॉलिशचा एकेक हात, वर साधं मेण. वर्षाला दोनशे-तीनशे रुपयांचं काम. ज्यांना पॉलिश करत बसायचा कंटाळा आहे त्यांनी चमकेचा हट्ट सोडून चंदेरी पावडर कोट करून घ्यावा. जुन्या पापुद्र्यांवरच नवा थर मारून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आणि गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर कुठेही कव्हर उघडण्याआधी अधिकृत केंद्राकडून लेखी उत्तर घ्या.