घर्षणाचे मोजमाप आणि सागरावरील अवजड माल

विद्युतभाराच्या एककामुळे चार्ल्स कूलोमचे नाव विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित असते. तो मूळचा फ्रेंच लष्करातील अभियंता. १७७९ च्या सुमारास रोशफोरच्या जहाजगोदीत त्याने घर्षणाचे प्रयोग केले आणि त्यावरील प्रबंधास १७८१ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. घर्षणाचे शास्त्र गोदीच्या गरजेतून घडले, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

मोजण्याची रीत सोपी आहे. पालकांनी ती घरी मुलांकडून अवश्य करून घ्यावी. फळीवर वस्तू ठेवून फळीचे एक टोक सावकाश उचलावे. वस्तू ज्या कोनाला सरकू लागते, त्या कोनाचे टॅन गुणोत्तर म्हणजे घर्षणगुणांक. सुमारे १७ अंशांना सरकली, तर तो ०.३. तेलविहिरीच्या मंचाचा शंभर टनांचा भाग असा तिरपा करता येत नाही. तेथे त्याच पृष्ठभागांचा नमुना घेऊन, त्यावर ठरावीक वजन ठेवून, तो हलवण्यास लागणारे बल मोजतात आणि त्याला वजनाने भागतात.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मालसुरक्षा संहितेत हिशेबासाठी आकडे दिले आहेत : लाकडावर लाकूड ०.४, लाकडावर पोलाद ०.३, कोरड्या पोलादावर पोलाद ०.१ आणि ओल्या पोलादावर पोलाद शून्य! प्रत्यक्षात घर्षण अगदी शून्य नसते. पण ओल्या डेकवर कोणी त्याच्या भरवशावर राहू नये, एवढाच त्याचा अर्थ. स्थिर पृष्ठभागावर शंभर टनांच्या बोजाखाली लाकडी फळ्या असल्या, तर तीस टनांइतका आडवा जोर घर्षणच पेलते. फळ्या नसतील आणि डेक ओला असेल, तर तो सगळा भार साखळदंडांवर आणि वेल्डिंग केलेल्या अडसरांवर येतो. साखळी तुटली तर जवळ उभ्या असलेल्या खलाशाचा जीव जातो. त्या फळ्या अंथरणाऱ्या मजुराचे नाव मात्र कोणत्याही कागदावर येत नाही.

शिवाय समुद्रावर वजनही स्थिर नसते. लाटेवरून जहाज खाली जाऊ लागते, तेव्हा माल डेकवर कमी दाबतो आणि घर्षणही तेवढे घटते. माल एकदा सरकू लागला की त्याला अडवणारे घर्षण बहुधा आणखी कमी होते.

मंचाचा सांगाडा तराफ्यावर चढवताना मात्र घर्षण नकोसे असते. सरकत्या पट्ट्यांना मुद्दाम ग्रीस लावतात. तेच ग्रीस पुसायचे राहिले, तर कोरड्या पोलादासाठी केलेला हिशेब निरुपयोगी ठरतो. म्हणून चाचणीचा नमुना घासूनपुसून घेत नाहीत; डेकवर जसा गंज, रंग, तेल आणि खारे पाणी असेल, तशाच स्थितीत तो ओढून पाहतात.