सुपरव्हिजनच्या खुर्चीतून

समुपदेशकालाही सुपरव्हायझर असतो हे ऐकलं की लोक हसतात. ‘म्हणजे तुला अजून शिकवणी लागते?’ असं माझ्या नणंदेनं विचारलं होतं. शिकवणी नव्हे. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा थेरपिस्ट आपल्या चालू केसेस दुसऱ्या अनुभवी थेरपिस्टपुढे ठेवतो, रेकॉर्डिंग ऐकवतो, कुठे अडलं ते सांगतो आणि ‘इथे असं का केलंस?’ या प्रश्नाला उत्तर देतो. बर्लिनमध्ये १९२० साली मॅक्स आयटिंगॉन यांच्या पुढाकाराने मनोविश्लेषणाचं क्लिनिक निघालं. शिकाऊ विश्लेषकाने ज्येष्ठाच्या देखरेखीखाली रुग्ण घ्यायचे, हा तिथे प्रशिक्षणाचा भागच झाला. पुढे मानसोपचाराच्या बहुतेक शाखांनी ही रीत आपलीशी केली.

मी साताऱ्यात प्रॅक्टिस करते. तरुण समुपदेशकांचा एक गट माझ्याकडे सुपरव्हिजनला येतो आणि मी स्वतः पुण्यातल्या एका ज्येष्ठ सरांकडे जाते. पुढच्या केसेसमधली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदललेले आहेत.

१. सांगितलेलं सेशन आणि ऐकलेलं सेशन

समुपदेशक तोंडी सांगतो ती त्याची बाजू असते. तो खोटं बोलत नाही, पण जे कानावर पडलंच नाही ते सांगणार कुठून? म्हणून मी रेकॉर्डिंगचा आग्रह धरते, अर्थात क्लायंटची लेखी संमती असेल तरच.

गटातल्या एका मुलीकडे किराणा दुकानदार येत होते. धंदा बसलेला, झोप गेलेली. तिच्या नोट्समध्ये लिहिलं होतं, ‘मूड सुधारला. सेशनमध्ये प्रथमच हसले. पुढची भेट तीन आठवड्यांनी.’ तिला खरं तर दुसरी केस मांडायची होती. ही रेकॉर्डिंग आम्ही केवळ वेळ उरला म्हणून लावली. शेवटच्या काही मिनिटांत ते म्हणाले, ‘उधारीची वही मुलाला समजावून दिली. एलआयसीचे कागद हिला दाखवून ठेवले. आता एकदम हलकं वाटतंय बघा.’ त्यावर तिचा आवाज आला, ‘अरे वा, छान!’

खोलीत कुणी बोलेना. मग तिनेच मागे नेऊन तेवढा तुकडा पुन्हा लावला.

सेशन दोनच दिवसांपूर्वीचं होतं. तिने तिथूनच फोन लावला आणि सरळ विचारलं, ‘काका, जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात भरतो, ही भीती आपल्याकडे डॉक्टरांनाही असते. तसं होत नाही हे संशोधनातून पुरेसं स्पष्ट झालेलं आहे. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग ‘येतो’ म्हणाले. त्यांच्याच परवानगीने बायकोला आणि मेहुण्याला सांगितलं, रात्री सोबत कोण राहणार ते ठरलं, घरातल्या धोक्याच्या वस्तू मेहुण्याने ताब्यात घेतल्या, टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकिअॅट्रिस्टपुढे बसले. दुकान आजही चालू आहे.

त्या मुलीला आत्महत्येच्या धोक्याची लक्षणं तोंडपाठ होती. परीक्षेत तिने ती लिहिलीही असतील. पण त्या खोलीत ती एकटी होती, आणि ‘हलकं वाटतंय’ हे ऐकायला तिचे कान कित्येक आठवडे आसुसलेले होते. आम्ही बाकीचे तसे आसुसलेले नव्हतो, म्हणून आम्हाला ऐकू आलं. आमच्या शहाणपणाचा त्यात फारसा भाग नव्हता.

२. गोव्याकडून घेण्यासारखं

सुपरव्हिजन म्हणजे पुण्या-मुंबईच्या फीवाल्यांची चैन, असं कुणी म्हटलं की मी गोव्याचं उदाहरण देते. तिथल्या ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर ‘हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ नावाचा छोटा उपचार तपासला. उपचार करणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे स्थानिक समुपदेशक होते. १० केंद्रं आणि बऱ्यापैकी तीव्र ते अति तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण. तीन महिन्यांनी या उपचाराच्या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, तर केंद्रातली नेहमीची सेवा थोडी सुधारून मिळालेल्या गटातले ३९ टक्के. ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं आणि ‘साधी माणसंही उपचार देऊ शकतात’ असं कौतुक सगळीकडे झालं.

ते कौतुक रास्तच आहे, पण अर्धं आहे. या समुपदेशकांच्या दर आठवड्याला गटात बैठका होत. एकमेकांच्या सेशनच्या रेकॉर्डिंग ऐकून ठरलेल्या तक्त्यावर ते गुण देत: रुग्णाला बोलू दिलं का, आधीच्या आठवड्यात ठरलेल्या कामाची विचारपूस केली का, आजचा विषय त्याच्याशी बोलून ठरवला का. या गुणांची तज्ज्ञांच्या गुणांशी तुलनाही केली गेली आणि बरोबरीच्या माणसांनी दिलेले गुण कामाला येण्याइतके विश्वासार्ह निघाले. या बैठका वगळून नुसता उपचार उचलला तर तो तसाच चालेल, असं मला वाटत नाही. सरकारी योजनांच्या अंदाजपत्रकात प्रशिक्षणाला पैसे असतात. पुढची पाच वर्षं त्या माणसांचं काम कोण ऐकणार, याचा रकाना मी तरी पाहिलेला नाही.

तो तक्ता आमच्या गटाने आपल्या पद्धतीने करून घेतला. पहिले काही महिने सगळे एकमेकांना भरभरून मार्क देत होते. आपल्याकडे भिडस्तपणा फार. मग नियम केला: आधी एक गुण कापायचा आणि का कापला ते सांगायचं.

३. केसमधलं दुखणं सुपरव्हिजनमध्येही बसतं

पुस्तकात वाचलं तेव्हा मला हे थोतांड वाटलं होतं. हॅरोल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये आणि एकस्टाइन व वॉलरस्टाइन यांनी १९५८ च्या पुस्तकात मांडलेली ही गोष्ट: क्लायंट थेरपिस्टशी जसं वागतो, तसंच थेरपिस्ट नकळत सुपरव्हायझरशी वागू लागतो.

आमच्या गटातला एक मुलगा एरवी चटपटीत. एका केसच्या बाबतीत मात्र तो वेळ संपत आला की विषय काढायचा आणि म्हणायचा, ‘मॅडम, तुम्हीच सांगा काय करू.’ मी काही सुचवलं की ‘ते करून बघितलं हो’. हे चार-पाचदा झाल्यावर मला त्याचा चक्क राग येऊ लागला. असं वाटायचं की याला सांगावं, हे कर, ते करू नकोस आणि चल नीघ. हा राग माझा नेहमीचा नव्हे, म्हणून मी त्यालाच विचारलं, ‘तुझी क्लायंट सेशनमध्ये नेमकं काय करते रे?’ तो बोलायला लागला आणि मध्येच थांबला. ती बाई उठता उठता महत्त्वाचं बोलायची, ‘तुम्हीच सांगा’ म्हणायची आणि सांगितलेलं काही करायची नाही. घरात नवरा, सासरे, धाकटा दीर, सगळेच तिला सांगत होते. समुपदेशक हा सांगणारा आणखी एक पुरुष झाला होता आणि मी त्या रांगेत शेवटी उभी राहणार होते.

पुढच्या सेशनला त्याने सल्ला दिला नाही. ती चिडली. तिचं चिडणं हे त्या केसमधलं पहिलं खरं काम होतं असं मी म्हणेन.

४. गाव लहान, भिशी एक

परदेशी पुस्तकांतले नीतिनियम वाचले की हे लोक भाजी कुठे आणतात असा प्रश्न पडतो. साताऱ्यात क्लायंटची सासू माझ्या भिशीत निघते. क्लायंट लग्नाची पत्रिका घेऊन येते, मुलगा दहावी पास झाला की पेढे आणते, आणि पेढा नाकारला तर तिचा अपमान होतो. अशा ठिकाणी सरसकट नियम चालत नाही. दर वेळी कुणाशी तरी बोलून ठरवावं लागतं, आणि ते बोलणं घरी करता येत नाही. आमच्या गटात ठरलेलं असं: पेढा घ्यायचा, साडी घ्यायची नाही. बाहेर भेट झाली तर क्लायंट बोलला तरच आपण बोलायचं, आणि हे पहिल्याच सेशनला सांगून टाकायचं. लग्नाचं मात्र प्रत्येकाने गटात मांडायचं. मागच्या हंगामात दोन लग्नांना होकार मिळाला, एकाला नाही. त्या ‘नाही’वर आमची तासभर वादावादी झाली.

५. सुपरव्हिजन ही सुपरव्हायझीची थेरपी नव्हे

गटातल्या एकीचे वडील गेले आणि त्यानंतर तिच्या वयस्कर क्लायंटची सेशन लांबत गेली. त्याचा कामावर काय परिणाम होतोय एवढंच मी तिच्याशी बोलले. रडायला दुसरी जागा शोधून दिली. कोरडं वाटतं खरं, पण आमचा दीड तास तिच्या क्लायंटचा असतो.

६. पगार देणारा आणि केस ऐकणारा एकच नको

एका संस्थेत मी काही काळ काम केलं. तिथे महिन्याच्या बैठकीलाच सुपरव्हिजन म्हणत. किती केसेस झाल्या, किती बंद झाल्या, फॉर्म अपलोड झाले का. साहेब माणूस म्हणून चांगले होते, पण पगारवाढ त्यांच्या हातात. त्यांच्यापुढे ‘या बाईची मला भीती वाटते’ असं कोण म्हणणार? ब्रिजिड प्रॉक्टर यांनी सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली आहेत: काम नियमात आहे ना हे पाहणं, माणसाला घडवणं आणि थकलेल्याला उभं करणं. त्या संस्थेत यातलं पहिलंच चाले, तेही कागदापुरतं. दोन वर्षांत आम्ही जवळजवळ सगळे बाहेर पडलो. आमच्या प्रत्येक क्लायंटला मग आपली गोष्ट नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागली असणार.

७. क्लायंटला सांगायचं

ब्रिटनमध्ये बीएसीपी या समुपदेशकांच्या संघटनेचा नियम आहे की प्रॅक्टिस करणाऱ्या अॅक्रेडिटेड सभासदाने महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यायचं, मग त्याची प्रॅक्टिस तीस वर्षांची का असेना. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या नोंदणीसाठी १९९२ च्या कायद्याखालची पुनर्वसन परिषद आहे आणि त्यांच्या प्रशिक्षणात देखरेखीखालचं काम असतं. पण स्वतःची पाटी लागली की पुढे बघणारं कुणी राहत नाही. जो घेतो तो आपल्या खिशातून, आपल्या मर्जीने घेतो.

म्हणून क्लायंटला हे माहीत असलं पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा त्याचा हक्क आहे, तेव्हा आपलं बोलणं नाव-गाव काढून आणखी एका माणसापर्यंत जातं हे त्याला पहिल्या दिवशी कळायला हवं. नव्या समुपदेशकांना वाटतं, असं सांगितलं तर क्लायंट बिचकतील. तसे बिचकणारे थोडे असतात. एक आजी मात्र म्हणाल्या, ‘मग मधे तू कशाला? त्या मोठ्या बाईंकडेच जाते की.’

आपण होऊन विचारणारा मला एकच भेटला, एसटीतले निवृत्त कंडक्टर. फीचे पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, ‘आमचं वेबिल मधल्या स्टॉपवर चेकर चढून तपासायचा. तुमचं कोण तपासतो?’ मी सरांबद्दल सांगितलं, किती दिवसांनी जाते ते सांगितलं, त्यांच्याकडे काय बोलते आणि काय बोलत नाही तेही सांगितलं.

‘आणि त्या सरांचं?’

तेही दुसऱ्या एकांकडे जातात, म्हटलं.

‘मग हरकत नाही. आता माझं ऐका,’ म्हणाले आणि सुरू झाले.