स्प्रेडशीटमधील बोलके व मुके दोष

आडव्या ओळी व उभे स्तंभ यांनी आखलेल्या संगणकावरील हिशेबाच्या तक्त्यास स्प्रेडशीट म्हणतात. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांच्या ‘व्हिजिकॅल्क’ या आज्ञावलीने सन १९७९ मध्ये असा तक्ता वैयक्तिक संगणकावर आणला. कागदी तक्त्याच्या घरात केवळ अंक मावतो. येथे सूत्रही लिहिता येते. ‘दुसऱ्या स्तंभातील तिसऱ्या घरापासून दहाव्या घरापर्यंत बेरीज कर’ अशी आज्ञा म्हणजे सूत्र होय. सूत्राचा आधार घरांच्या पत्त्यांवर असतो. म्हणूनच एक्सेलमध्ये तयार केलेली फाइल गूगल शीट्ससारख्या ऑनलाइन सेवेत नेली असता काही सूत्रे बिघडतात. हे दोष दोन प्रकारचे असतात : बोलके आणि मुके.

बोलका दोष घरातच आपले नाव सांगतो. ‘रेफ’ हा संकेत दिसल्यास सूत्रातील पत्ता सापडत नाही असे समजावे. आपल्या संगणकावरील दुसऱ्या फाइलीतून आकडा आणणारे सूत्र ऑनलाइन गेल्यावर निरुपयोगी होते. कारण ती फाइल त्याला आता दिसत नाही. अशा वेळी दुसरी फाइलही ऑनलाइन न्यावी, ‘इम्पोर्टरेंज’ या कार्याने दोहोंची जोडणी करावी आणि सेवा विचारील तेव्हा अनुमती द्यावी. ‘नेम’ हा संकेत म्हणजे कार्याचे नाव अपरिचित आहे. गूगल शीट्समधील ‘क्वेरी’ हे कार्य एक्सेलला ठाऊक नाही, तद्वतच उलटही घडते. अंक हवा तेथे अक्षरे आढळली म्हणजे ‘व्हॅल्यू’ हा संकेत उमटतो. एक्सेलमधील मॅक्रो, म्हणजे लिहून ठेवलेली कृतींची मालिका, गूगल शीट्समध्ये मुळीच चालत नाही. ती नव्याने लिहावी लागते.

मुका दोष अधिक घातक असतो, कारण तो बरोबर उत्तराच्या वेषात येतो. एक उदाहरण घेऊ. ग्रंथालयातील पुस्तक ५/४/२०२४ रोजी परत करावयाचे होते. विद्यार्थ्याने ते ८/४/२०२४ रोजी आणले. विलंब ३ दिवसांचा आहे. ही नोंद साध्या मजकुराच्या, म्हणजे सीएसव्ही स्वरूपाच्या फाइलीतून ऑनलाइन नेली आणि तेथील प्रदेश अमेरिका असा ठरलेला असला, तर महिना आधी वाचला जातो. ५ एप्रिलचा ४ मे होतो व ८ एप्रिलचा ४ ऑगस्ट. विलंब ९२ दिवसांचा निघतो! दररोज एक रुपया दंड असेल, तर ३ रुपयांऐवजी ९२ रुपये त्या मुलाच्या माथी बसतात आणि कोठेही दोषसंकेत दिसत नाही. पुस्तक १३/४ रोजी आले असते, तर तेरावा महिना नसल्याने तो दिनांक केवळ मजकूर ठरला असता व दोष उघड झाला असता. यावर उपाय असा की, नव्या फाइलीच्या सेटिंग्जमध्ये प्रदेश भारत असा आधी ठरवावा आणि मगच नोंदी आणाव्यात.

मुक्या दोषाची किंमत इंग्लंडने मोजली आहे. सन २०२० मध्ये तेथील सार्वजनिक आरोग्य विभागाने कोविडच्या नोंदी एक्सेलच्या जुन्या स्वरूपाच्या फाइलींत भरल्या. त्या स्वरूपात ६५,५३६ ओळींहून अधिक ओळी मावत नाहीत. त्यामुळे २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत आणि त्यांच्या सहवासात आलेल्यांना सावध करण्यास विलंब झाला.

यावरून तपासणीचा क्रम ठरतो. मूळ फाइल न बदलता जपून ठेवावी. हलविण्यापूर्वी एकूण ओळी, प्रमुख बेरजा, पहिला व शेवटचा दिनांक कागदावर टिपून घ्यावा आणि हलविल्यावर ताडून पाहावा. अनेक घरांत दोषसंकेत असल्यास ज्या घरावर इतर घरे अवलंबून आहेत ते प्रथम दुरुस्त करावे. पुष्कळदा बाकीची आपोआप सुधारतात. बेरीज कमी भरल्यास अंक मजकूर म्हणून तर साठविलेले नाहीत ना, हे ‘इजनंबर’ या कार्याने पाहावे. बेरजेचे सूत्र तशा घरांना मुकाट्याने वगळते. अखेरीस दोन-तीन ओळींचा हिशेब हाताने करावा.

अभ्यास : परत करण्याचा दिनांक ३/६/२०२४ व पुस्तक आणल्याचा दिनांक ७/६/२०२४ आहे. महिना आधी वाचला गेल्यास विलंब किती दिवसांचा दिसेल? खरा विलंब किती? उत्तर प्रथम कागदावर काढावे, नंतर संगणकावर पडताळावे.