यंत्रातून ठिबकणारे पाणी आणि रोपांची उन्हाळी जोपासना

डहाणू आणि तलासरी या पालघर जिल्ह्यातील तालुक्यांत पावसाळ्यात पाणी उदंड असते. परंतु होळी उलटली की तलासरीच्या पाड्यांवरील विहिरी तळ दाखवू लागतात आणि किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ होते. नव्या फळझाडांच्या दृष्टीने हाच काळ कसोटीचा असतो. घोलवड परिसरात चिकूची लागवड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, व २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीमुळे डोंगराकडील वरकस जमिनीवरही आंबा, काजू व चिकूची कलमे लावली जाऊ लागली. मात्र लावलेले कलम पहिले दोन उन्हाळे जगले, तरच ती बाग म्हणावयाची. त्या दिवसांत कलमाला घातलेला प्रत्येक हंडा बहुधा घरातील स्त्रीच्या डोक्यावरून आलेला असतो. म्हणून आयते मिळणारे थोडे पाणीही वाया घालविणे परवडणारे नाही. असे एक पाणी आज अनेक कचेऱ्यांच्या भिंतीवरून रोज ओघळून जाते.

हे पाणी कोठून येते?

थंड पाण्याने भरलेला तांब्या दमट दिवसांत बाहेरून ओला होतो. ते पाणी तांब्यातून पाझरलेले नसते. हवेतील बाष्प थंड धातूस लागून त्याचे थेंब झालेले असतात. वातानुकूलन यंत्रात, तसेच बियाणे व औषधे कोरडी ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बाष्पशोषक यंत्रात, नेमके हेच घडते. ३० अंश सेल्सिअस तपमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते. तीच हवा १२ अंशांपर्यंत थंड केली, तर तिच्यात १० ते ११ ग्रॅमच बाष्प राहते. उरलेले पाणी होऊन नळीवाटे बाहेर पडते.

डहाणूची हवा समुद्रामुळे दमट असल्याने दीड टनाचे वातानुकूलन यंत्र दमट दिवशी तासाला साधारण १ ते २ लिटर पाणी देते. तलासरीच्या आतल्या भागात कोरड्या दुपारी हे प्रमाण बरेच कमी भरते. म्हणून अंदाजावर न विसंबता नळीखाली बादली ठेवून चार दिवस मोजमाप करावे आणि मगच किती रोपे जगवावयाची हे ठरवावे.

पाण्याचा गुणधर्म

हे पाणी जवळजवळ क्षाररहित असते. मचूळ पाण्याने कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात, तेथे हे पाणी एकटे किंवा विहिरीच्या पाण्यात मिसळून दिल्यास क्षारांचा त्रास कमी होतो. परंतु त्यात अन्नद्रव्येही नसतात. सबब पिशवीतील मातीत चांगले कुजलेले शेणखत असणे अवश्य आहे.

हे पाणी पावसाच्या पाण्याइतके निर्मळ मात्र समजू नये. यंत्रातील तांबे व ॲल्युमिनियमच्या नळ्या, धूळ आणि बुळबुळीत शेवाळ यांच्याशी त्याचा संबंध येतो. ते माणसांनी पिऊ नये व जनावरांनाही पाजू नये. कच्च्या खाण्याच्या पालेभाज्यांवर ते शिंपडू नये. फळझाडांच्या व शोभेच्या झाडांच्या बुंध्याशीच द्यावे. यंत्र रसायनाने धुतल्यानंतर दोन दिवसांचे पाणी टाकून द्यावे.

वापरण्याची रीत

समजा, एखाद्या कचेरीतील यंत्र दिवसाला १० लिटर पाणी देते. मोठ्या चिकूच्या झाडाला ते पुरणार नाही. परंतु रोपवाटिकेतील प्रत्येक पिशवीस रोज पाव लिटर याप्रमाणे ४० रोपे त्यावर जगतात. रायणीच्या खुंटावर बांधलेली चिकूची कलमे, आंब्याची कलमे आणि शेवग्याची रोपे पावसाळा येईपर्यंत अशा रीतीने सांभाळता येतात.

जागेवर लावलेल्या कलमासाठी मडक्याची रीत उत्तम. रंग न दिलेले, कच्च्या भाजणीचे ५ ते ७ लिटरचे मडके कलमापासून एक हातावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे व वर झाकण ठेवावे. पाणी मडक्याच्या अंगातून झिरपत मुळांशी पोचते आणि उन्हाने उडून जात नाही. तीन-चार दिवसांनी मडके पुन्हा भरावे. बुंध्याभोवती भाताच्या पेंढ्याचे किंवा वाळलेल्या पानांचे आच्छादन घातल्यास ओल अधिक टिकते.

पाणी साठविण्याचे पिंप नेहमी झाकलेले असावे. आठवड्यातून एकदा ते पूर्ण रिकामे करून आतून घासावे. अन्यथा डेंग्यूचे डास त्यातच वाढतात. झाड वाचविताना घरात आजार येऊ देणे शहाणपणाचे नाही.

या पाण्याची मर्यादा

केवळ पाण्यासाठी असे यंत्र विकत घेण्याचा विचार कोणी करू नये. बाष्पशोषक यंत्रास एक लिटर पाण्यासाठी साधारण अर्धा ते पाऊण युनिट वीज लागते. तितक्याच विजेवर चालणारा पंप विहिरीतून हजारो लिटर पाणी उपसतो. शिवाय यंत्राचे पाणी सर्वांत अधिक मिळते ते पावसाळ्यात, जेव्हा रोपांना त्याची गरज नसते. जे यंत्र अन्य कारणासाठी चालूच आहे, त्याचेच पाणी धरावयाचे, एवढाच या सल्ल्याचा अर्थ.

पाड्यावरील घरी यंत्र नसले तरी तत्त्व तेच आहे. तांदूळ धुतलेले पाणी व हात धुण्याचे पाणी परसातील शेवगा, पपई व केळीच्या बुंध्याशी सोडावे; साबणाचे पाणी एकाच झाडाला रोज घालू नये.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील आरोग्य केंद्र, बँक, तहसील कचेरी व दुकाने यांपैकी कोठे अशी यंत्रे चालतात याची यादी मार्चपूर्वी करावी. तेथील प्रमुखांची संमती घेऊन नळीखाली झाकणाचे पिंप ठेवावे, आणि त्या आवारातच छोटी रोपवाटिका उभी करावी, म्हणजे पाणी वाहून न्यावे लागणार नाही. रोपांना पाणी घालण्याचे व पिंप घासण्याचे काम कोणाकडे, हे आरंभीच ठरवावे. जून महिन्यात ती रोपे ज्या शेतकऱ्यांची कलमे मेली असतील, त्यांना खाडे भरण्यासाठी द्यावीत. एका नळीवर चाळीस रोपे जगली, तर तितके खड्डे रिकामे राहणार नाहीत, आणि डोक्यावरचे काही हंडेही कमी होतील.