साहस शिबिरात नेमके काय शिकवतात?



साहस शिबिराचे पत्रक वर्गात वाचून दाखवले की दोन प्रकारची उत्तरे ऐकायला येतात. पालक म्हणतात, "सर, मुलीला कशाला पाठवायचे? हातपाय मोडले तर उद्या लग्नाला अडेल." आणि मागच्या बाकावरची मुले म्हणतात, "त्यात काय शिकायचे? आम्ही पोचेराला वरून उडी मारतो." पहिल्या उत्तरात भीती आहे, दुसऱ्यात भीतीचा पत्ताच नाही. पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे, ती म्हणजे शिबिरात जिवावर उदार व्हायला शिकवतात. या पाठात आपण ही समजूत तपासून पाहू.

आधी शब्दाकडे बघू. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे 'साहस' आणि 'दुस्साहस' हे शब्द शेजारी शेजारी शिकवत. पहिला कौतुकाचा, दुसरा कान पकडण्याचा. मराठीत आपण धाडस म्हणतो, आणि नको ते धाडस केले की आगाऊपणा म्हणतो. गंमत अशी की जुन्या संस्कृत धर्मशास्त्रात 'साहस' हा शब्द चक्क गुन्ह्यासाठी येतो. बळजबरीने, मागचापुढचा विचार न करता केलेले कृत्य म्हणजे साहस. म्हणजे आज ज्या शब्दाने आपण मुलांची पाठ थोपटतो, तो एके काळी आरोपपत्रात बसणारा होता. हा जुना अर्थ मनात असू द्या, पुढे कामाला येईल.

आता आपल्या शेजारची गोष्ट. निजामाबाद जिल्ह्यातले पाकाला हे गाव. तिथल्या शेतमजूर बंजारा कुटुंबातली मालावत पूर्णा. जन्म 10 जून 2000. ती ताडवाईच्या समाजकल्याण निवासी शाळेत शिकत होती. 2013 मध्ये या निवासी शाळांमधून शंभरावर मुलामुलींना खडक चढण्याच्या शिबिरासाठी भोंगीरला नेण्यात आले. त्यात पूर्णाही होती. तोवर तिने पर्वतारोहण हा शब्दही ऐकला नसेल, तर नवल नाही. आपल्या किती मुलांनी ऐकला आहे?

भोंगीर तुमच्यापैकी काहींनी रेल्वेतून पाहिले असेल. हैदराबादहून वारंगळकडे जाताना एक प्रचंड, गुळगुळीत, अखंड खडक दिसतो, पालथ्या घातलेल्या कढईसारखा. त्याच्या माथ्यावर किल्ला आहे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य, म्हणजे त्रिभुवनमल्ल, याच्या नावावरून त्रिभुवनगिरी, आणि त्याचेच पुढे भुवनगिरी आणि भोंगीर झाले. राजांनी तो किल्ल्यासाठी निवडला, कारण चढून येणे अवघड. शिबिराच्या शिक्षकांनीही तो त्याच कारणासाठी निवडला.

पहिल्यांदा त्या खडकाकडे पाहून आपले पाय थरथरत होते, असे पूर्णाने नंतर सांगितले आहे. आमच्या मते तिच्या सगळ्या गोष्टीत हे वाक्य फार मोलाचे आहे. पण वर्तमानपत्रांना शिखर हवे असते, त्यामुळे ते मागे पडते. थरथरणाऱ्या पायांचे शिबिरात काय करतात? "घाबरू नको" असे म्हणून काही होत नाही. हातांना काम देतात.

पहिले काम गाठीचे. दोराचा इंग्रजी आठ करायचा, मोकळे टोक कमरेच्या पट्ट्यातून, म्हणजे हार्नेसमधून, ओवायचे आणि त्याच आठावरून उलट्या दिशेने परत फिरवायचे. गाठ पुरी झाली की टोक वीतभर उरले पाहिजे. ही गाठ ताण पडला की घट्ट होते, सुटत नाही. पण चढणाऱ्याने स्वतः बांधली म्हणजे झाले नाही. दोराची दुसरी बाजू सांभाळणारा जोडीदार ती बोटाने चाचपून पाहतो, आणि चढणारा जोडीदाराचा पट्टा व कॅराबिनर तपासतो. कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी. तिचे तोंड बंद आहे ना, हे डोळ्यांनी नव्हे, हाताने दाबून बघायचे. हे दर खेपेला. दहाव्यांदा चढतानाही.

दुसरे काम पायांचे. नवखा माणूस हातांनी लोंबकळतो आणि थोड्या वेळात त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत गोळे येतात. भार पायांवर द्यायचा, हात फक्त तोल सांभाळायला. दोन हात आणि दोन पाय मिळून चार आधार, त्यांतले तीन खडकावर टेकलेले असतानाच चौथा हलवायचा. कापसाच्या गाडीवर चढणारी आपली पोरे हे न शिकवता करतात. फरक इतकाच की खडकावर ते आठवणीने करावे लागते.

आणि दोर? इथे विज्ञानाचा तास आहे. बैलाचा कासरा किंवा विहिरीचा नाडा मजबूत असतो, तरी तो या कामाला चालत नाही. चढाईचा नायलॉनचा दोर थोडा ताणला जातो. माणूस घसरला तर दोर ताणत ताणत त्याला थांबवतो. थांबायला जितका वेळ जास्त, तितका झटका कमी. न ताणणाऱ्या दोरावर तोच माणूस एका क्षणात थांबेल आणि त्याची कंबर तो झटका सोसणार नाही. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो ना? तेच तत्त्व.

भोंगीरच्या त्या शंभरांतून थोडी मुले दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेली. ही संस्था 1954 मध्ये, तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचल्याच्या पुढच्या वर्षी निघाली. तिथे बर्फावर चालणे, घसरल्यावर कुऱ्हाडीने स्वतःला रोखणे हे शिकून मुलांनी रेनॉक शिखर चढले. मग लडाखची कडाक्याची थंडी. प्रत्येक टप्प्यावर संख्या कमी होत गेली आणि शेवटी दोघे उरले, पूर्णा आणि खम्मम जिल्ह्यातला आनंद कुमार.

इतके टप्पे कशासाठी? कारण उंचीवर हवा विरळ होते. पुस्तकात वाचून काही मुले समजतात की वर ऑक्सिजनचे प्रमाण घटते. तसे नाही. हवेत ऑक्सिजन सगळीकडे 21 टक्केच असतो. घटतो तो हवेचा दाब. सुमारे 5,500 मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा होतो आणि 8,848.86 मीटरच्या एव्हरेस्ट माथ्यावर एक तृतीयांश. म्हणजे भूक तीन भाकरींची आणि ताटात एकच. शरीर हळूहळू रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवून यावर तोड काढते, पण त्याला दिवस नव्हे, आठवडे लागतात. म्हणून गिर्यारोहक दिवसा वर चढतात आणि झोपायला खाली येतात, पुन्हा थोडे जास्त वर, पुन्हा खाली. घाई करणाऱ्याच्या फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचते आणि तो दगावू शकतो. तो कितीही धीट असला तरी.

नेपाळ 16 वर्षांखालील मुलांना एव्हरेस्टचा परवाना देत नाही, म्हणून हे दोघे तिबेटच्या बाजूने गेले. त्याच मोसमात, 18 एप्रिल 2014 रोजी, नेपाळकडच्या बाजूला हिमकडा कोसळून 16 नेपाळी कामगार गेले. 25 मे 2014 रोजी पूर्णा माथ्यावर पोहोचली. वय 13 वर्षे 11 महिने. एव्हरेस्ट चढलेली ती जगातली सर्वांत लहान मुलगी ठरली. तेव्हा ती नववीत होती आणि तेलंगणा राज्य अस्तित्वात यायला आठ दिवस बाकी होते. पुढे 2022 पर्यंत तिने सातही खंडांची सर्वोच्च शिखरे पूर्ण केली.

पालकहो, आता त्याच वर्षीची दुसरी तारीख सांगणे भाग आहे. 8 जून 2014, म्हणजे बरोबर चौदा दिवसांनी. हैदराबादच्या एका अभियांत्रिकी कॉलेजची मुले सहलीला हिमाचलात गेली होती. मंडी जिल्ह्यात थलौटजवळ ती बियास नदीच्या पात्रात, उघड्या पडलेल्या खडकांवर फोटो काढायला उतरली. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले. 24 विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा सहल चालवणारा माणूस वाहून गेले. हिमाचलच्या उच्च न्यायालयाने जानेवारी 2016 मध्ये भरपाईचा आदेश दिला, तेव्हा वीज मंडळाबरोबर कॉलेजवरही जबाबदारी टाकली.

एकीकडे 8,848 मीटर आणि तेरा वर्षांची मुलगी. दुसरीकडे रस्त्यालगतची, दिसायला उथळ नदी आणि वीस वर्षांची शिकलेली मुले. धोका कुठे जास्त होता? वरवर पाहता शिखरावर. पण तिथे प्रत्येक पावलाला दोर होता, तपासणारा होता, परत फिरवणारा होता. नदीत यांतले काहीच नव्हते. जुन्या धर्मशास्त्रातला 'साहस' हा शब्द कुठल्या जागेला लागू पडतो, ते मुलांनी वर्गात बोलावे.

हिमाचल लांब आहे असे वाटत असेल, तर आपला पोचेरा आहे, नेरडिगोंड्याकडचा कुंटाला आहे. कडेम नदी कुंटाल्याला पावसाळ्यात काय रूप घेते ते आपण सगळे जाणतो. शेवाळलेल्या खडकावर पाय सरकला की खाली डोह, आणि डोहाचा तळ वरून दिसत नाही. तिथे बुडाल्याच्या बातम्या आपल्या कानावर येतातच. वरून उडी मारणाऱ्या मुलांना आमचा एवढाच प्रश्न आहे, तुमची गाठ कोणी तपासली होती?

आणखी एक गोष्ट, ही तर अगदी आपल्या घरची. चंद्रपूर जिल्ह्यातले जिवती आपल्याला परके नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते आणि जिवती हा त्या राजुऱ्याकडचाच डोंगराळ भाग. बोली तीच, कापसाची वावरे तीच, गोंड-कोलाम वस्त्या त्याच. तिथल्या आदिवासी आश्रमशाळांतील मुलामुलींसाठी 'मिशन शौर्य' नावाचा उपक्रम निघाला. सुरुवातीला पन्नासच्या आसपास मुले, मग भोंगीरचाच खडक, मग दार्जिलिंग, लडाख, आणि शेवटी दहा जण एव्हरेस्टला. मे 2018 मध्ये मनीषा धुर्वे, उमाकांत मडावी, विकास सोयाम यांच्यासह पाच जण माथ्यावर पोहोचले. उरलेल्या पाच जणांना शिखर गाठता आले नाही.

महाराष्ट्र सरकारने शिखर गाठणाऱ्यांना प्रत्येकी 25 लाख रुपये जाहीर केले, आणि न गाठणाऱ्यांना 10 लाख. आम्हाला या दोन आकड्यांत दुसरा अधिक आवडला. आपल्याकडे परत आलेल्याला कोणी हार घालत नाही. स्वतः तेनसिंग 1952 मध्ये स्विस पथकातल्या रेमंड लँबर्टसोबत सुमारे 8,600 मीटरपर्यंत जाऊन मागे फिरले होते. तिथे हट्ट धरला असता तर 29 मे 1953 ही तारीख त्यांच्या आयुष्यात आली नसती. मुलांच्या परीक्षेच्या निकालाकडेही पालकांनी जरा अशा नजरेने पाहावे, पण तो विषय वेगळा आहे.

तेव्हा पत्रकावर सही करण्यापूर्वी पालकांनी जरूर विचारावे. शिकवणाऱ्याने कुठल्या संस्थेतून प्रशिक्षण घेतले आहे? एका शिक्षकामागे मुले किती? दोर किती जुना? मुलींसोबत शिक्षिका राहणार का? दवाखाना किती दूर? पाऊस आला तर कार्यक्रम रद्द करण्याचा अधिकार कोणाला? या प्रश्नांवर जो आयोजक चिडेल, त्याच्याकडे आम्ही आमचा एकही विद्यार्थी पाठवणार नाही. जो वही काढून उत्तरे दाखवेल, त्याच्याकडे मुलींनाही पाठवावे अशी आमची विनंती आहे. पूर्णाच्या आईवडिलांनी पाठवले, तेव्हा त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त काही नव्हते.

येत्या शनिवारी सकाळच्या शाळेनंतर आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी घरून चार हात लांबीचा कुठलाही दोर आणावा, कासरा चालेल, कारण आपण जमिनीवरच बसणार आहोत. त्या दिवशी कोणी काही चढणार नाही. प्रत्येकाने आठाची गाठ बांधायची, ती डोळे मिटून पुन्हा बांधायची आणि शेजारच्याची बोटाने चाचपून पाहायची. चुकलेली गाठ पकडणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहिले जाईल. ज्या पालकांना सवड असेल त्यांनी अवश्य यावे, त्यांच्यासाठीही दोर ठेवू.